वाळवंटांतील मुक्काम आणि विंचू

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याला घर ना दार, असेल नसेल तें सामान अंगावर वागवीत जो गांवोगांव हिंडतो, त्याच्याविषयीं ती वापरली जाते. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटींत मुंबई-पुण्याकडील पुष्कळ कुटुंबें जैसलमेरची वाट धरतात आणि थरच्या वाळवंटांत तंबू ठोकून एक-दोन रात्री काढतात, तेव्हां तीं ह्या म्हणींतल्या विंचवासारखींच झालेलीं असतात. मात्र ज्या मुलुखांत हीं बिऱ्हाडें उतरतात, तेथें खरा विंचू हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रहिवासी आहे. पाहुण्यानें यजमानाच्या संवयी जाणून घ्याव्या हा साधा शिष्टाचार होय. आणि ह्या ठिकाणीं तो पाळण्यावर आपली, विशेषतः आपल्याबरोबरच्या लहान मुलांची, सुरक्षितता अवलंबून आहे. म्हणून हा यजमान कोण, तो कोठें राहतो, केव्हां बाहेर पडतो, त्याची गांठ टाळावी कशी आणि टळली नाहीं तर काय करावें, ह्याचा आज थोडक्यांत विचार करूं.

वाळवंट म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें वाळूच्या सोनेरी टेकड्या आणि त्यांवरून चाललेली उंटांची रांग उभी राहते. थरचें वाळवंट सुमारें दोन लक्ष चौरस किलोमीटर पसरलेलें आहे. परंतु जैसलमेरच्या पश्चिमेस चाळीसएक किलोमीटरांवर असलेल्या समच्या किंवा नैर्ऋत्येकडील खुडीच्या टेकड्यांसारखा देखावा त्याच्या कांहीं भागांतच आढळतो. बाकीचा मुलूख म्हणजे खडकाळ माळ, कठीण जमीन, आणि मधूनमधून खेजडी, केर, फोग व आपल्याकडे जिला रुई म्हणतात ती आक, ह्यांचीं खुरटीं झाडें. सपाट उघडी वाळू विंचवाला निवाऱ्याच्या दृष्टीनें तितकीशी सोयीची नसते. जेथें झुडपाच्या मुळांशीं वाळू बांधली गेली आहे, जेथें दगडाखालीं फट आहे, जेथें पडक्या भिंतीचे चिरे सैल झाले आहेत, तेथें त्याला आयतें घर मिळतें. प्रवाशाला झाडाची सावली आणि भिंतीचा आडोसा हवासा वाटतो, आणि नेमकें तेंच विंचवालाहि हवें असतें. दोघांची गांठ पडण्याचें पहिलें कारण हें.

विंचू हा कीटक नव्हे. कीटकांना सहा पाय असतात, विंचवाला आठ. त्याचें नातें कोळ्याशीं आणि गोचिडीशीं आहे. पुढें दोन नांग्या, मागें खंडाखंडांची शेपटी आणि तिच्या टोंकाला विषाची कुपी व कांटा, ही त्याची घडण चाळीस कोटी वर्षांहून अधिक जुन्या खडकांतील अवशेषांतहि ओळखूं येते. इतका काळ हा प्राणी टिकला त्याचें कारण त्याची काटकसर. अन्नावांचून तो महिनेच्या महिने राहूं शकतो, पाणी बहुतांशीं भक्ष्याच्या अंगांतूनच मिळवितो, आणि उन्हाशीं झुंजण्याऐवजीं तें टाळतो. उन्हाळ्यांत भर दुपारीं वाळूचा पृष्ठभाग पाय ठेववणार नाहीं इतका तापतो. पण वीतभर खालीं गेलें कीं बीळ त्या मानानें थंड आणि किंचित ओलसर असतें. दिवसभर विंचू तेथें पडून राहतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो.

त्याचे डोळे अधू असतात. डोक्याच्या मध्यावर एक जोडी आणि कडेला आणखी कांहीं बारीक डोळे असूनहि त्याला मुख्यतः उजेड-अंधार कळतो. ही उणीव तो पायांनीं भरून काढतो. अमेरिकेंत फिलिप ब्राउनेल ह्या शास्त्रज्ञानें १९७०च्या दशकांत मोहावी वाळवंटांतील वाळूविंचवाचा अभ्यास करून दाखविलें कीं, हातभर अंतरावर एखादा किडा हलला तर वाळूंतून येणारी सूक्ष्म थरथर विंचवाच्या पायांना जाणवते, आणि आठांपैकीं कोणत्या पायाला ती आधीं पोंचली ह्यावरून त्याला भक्ष्याची दिशा कळते. आपल्या दृष्टीनें ह्यांतला महत्त्वाचा भाग असा कीं, मनुष्याच्या पावलांची धमक त्याला आपल्या कितीतरी आधीं कळते आणि तो सहसा वाटेंतून दूर होतो. विंचू माणसाचा पाठलाग करीत नाहीं. तो दंश करतो तो बहुधा अंगाखालीं, हाताखालीं किंवा पायाखालीं दाबला गेल्यावरच. विष हें त्याचें शिकारीचें हत्यार आहे; पुन्हां तयार होण्यास त्याला वेळ लागतो, आणि आपण त्याचें भक्ष्य नाहीं. ही एक गोष्ट नीट ध्यानांत धरली म्हणजे पुढच्या सर्व सूचना तिच्यांतून आपोआप निघतात. विंचवाला शोधून मारणें हा आपला उद्योग नव्हे. तो दाबला जाणार नाहीं एवढी व्यवस्था करणें, हें आपलें काम.

सगळे विंचू सारखे घातक नसतात. जगांत त्यांच्या अडीच हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि माणसाचा जीव घेण्याची शक्ति त्यांपैकीं फारच थोड्यांत आहे. गंमत अशी कीं, ज्याला पाहून आपण अधिक दचकतों तो बहुधा कमी धोक्याचा असतो. आपल्याकडे जिला इंगळी म्हणतात तो मोठा काळा विंचू दिसावयास भयंकर. त्याच्या नांग्या खेंकड्यासारख्या जाड. भक्ष्य चिरडण्यास त्या पुरेशा असल्यामुळें त्याला जहाल विषाची फारशी गरज पडत नाहीं. त्याचा दंश दुखतो, पण सहसा जिवावर बेतत नाहीं. उलट ज्याच्या नांग्या बारीक, चिमट्यासारख्या आणि शेपटी जाड, त्याची मदार विषावर असते. हा ठोकताळा आहे, अचूक नियम नव्हे. दंश झाल्यावर नांग्यांची जाडी मोजीत बसूं नये. पण इंगळीला भ्यावें आणि लहानशा तांबूस विंचवाला हंसण्यावारी न्यावें, ही जी सर्वसाधारण समजूत आहे ती उलटी करण्यापुरता तो फार उपयोगाचा आहे.

हा लहानसा तांबूस विंचू म्हणजे भारतीय लाल विंचू. तो बोटभर लांबीचा, पिवळट पायांचा असून देशाच्या मोठ्या भागांत आढळतो, आणि कोंकणांतील शेतकऱ्यांच्या तर तो चांगल्याच ओळखीचा आहे. वाळवंटी प्रदेशांत त्याच्याच कुळांतील आणखी कांहीं जाती राहतात. त्यांपैकीं जाड शेपटीच्या एका गटाला शास्त्रज्ञांनीं अँड्रॉक्टोनस, म्हणजे ग्रीक भाषेंत 'नरघातक', असें नांव दिलें आहे. उत्तर आफ्रिकेपासून आपल्या देशाच्या वायव्य भागापर्यंत ह्या गटाची वस्ती आहे. सारांश, थरमध्यें दिसणारा बारीक नांग्यांचा कोणताहि विंचू धोक्याचाच आहे असें धरून चालणें शहाणपणाचें.

विंचवाविषयींच्या दोन लोकप्रिय कथा येथेंच निकालांत काढूं. एक अशी कीं, निखाऱ्यांच्या रिंगणांत सांपडलेला विंचू स्वतःलाच नांगी मारून आत्महत्या करतो. वस्तुस्थिति अशी कीं, उष्णतेनें त्याच्या शरीराला आळेपिळे बसतात, शेपटी वेडीवांकडी हलते, आणि तो मरतो तो भाजून. स्वतःच्या विषाचा त्याला फारसा उपसर्ग होत नाहीं. दुसरी अशी कीं, विंचवाचीं पिल्लें आईला खाऊन जन्मतात. विंचवीण अंडीं न घालतां जिवंत पिल्लें प्रसवते, तीं तिच्या पाठीवर चढतात, आणि पहिली कात टाकीपर्यंत तेथेंच राहतात. म्हणींतलें पाठीवरचें बिऱ्हाड तें हेंच. तेवढ्या काळांत तीं आपल्या शरीरांतल्या सांठ्यावर जगतात, आईच्या मांसावर नव्हे.

आतां मुक्कामाकडे वळूं. पहिला प्रश्न काळाचा. भर हिंवाळ्यांत, म्हणजे डिसेंबर-जानेवारींत, वाळवंटांत रात्रीं कडाक्याची थंडी पडते आणि विंचवांची हालचाल पुष्कळच मंदावते. दिवाळीच्या सुमारास मात्र रात्री अद्याप उबदार असतात, आणि उन्हाळ्यांत व पावसाच्या सुरुवातीस तर त्यांचा वावर सर्वांत अधिक. म्हणून नाताळांतला अनुभव दिवाळींत प्रमाण मानूं नये. आणि थंडीच्या दिवसांतहि दगडाखालचा विंचू सुस्त असतो, मेलेला नसतो; दगड उचलणारा हात त्याला जागा करण्यास पुरेसा आहे.

दुसरा प्रश्न जागेचा. तंबू दिवसाउजेडीं लावावा. अंधार पडल्यावर पोंचून बॅटरीच्या प्रकाशांत जागा शोधण्यासारखा दुसरा धोका नाहीं. जागा उघडी आणि सपाट असावी. दगडांची रास, पडकी भिंत, वाळलेल्या काट्यांचें कुंपण, जुन्या लांकडांचा ढीग आणि गोवऱ्यांची उतरंड ह्यांपासून ती दूर असावी. जमिनीवर पाचोळा असल्यास तो हातानें नव्हे, फांदीनें किंवा फावड्यानें बाजूस सारावा. तंबूचा तळ सलग शिवलेला असावा आणि त्याची चेन माणूस आंत-बाहेर करतांना प्रत्येक वेळीं पुरती लावली जावी. पुष्कळ तंबूंत कापड उत्तम असतें, शिवण उत्तम असते, पण मुलें धांवत बाहेर जातात आणि चेन हातभर उघडी राहते. मग त्या उत्तम कापडाचा उपयोग काय? तंबूभोवतीं चुन्याची वा राखेची रेघ ओढून निश्चिंत होणारे लोक असतात. अशा रेघेवर जिवाचा हवाला ठेवूं नये.

तिसरा प्रश्न अंथरुणाचा. राजस्थानांतील खेड्यांत उघड्यावर झोपतांना खाट वापरण्याची जी रीत आहे ती मोठी शहाणपणाची आहे. जमिनीवर पसरलेलें अंथरूण म्हणजे विंचवाच्या दृष्टीनें एक मऊ, उबदार दगडच. खाटेवर निजल्यास हा प्रश्न बराचसा सुटतो; मात्र खाट तंबूच्या कापडाला किंवा भिंतीला टेकलेली नसावी, आणि पांघरुणाचें टोंक जमिनीवर लोळत नसावें. विंचू खडबडीत पृष्ठभागावर सहज चढतो, पण स्वच्छ गुळगुळीत कांचेवर त्याचे पाय टिकत नाहींत. म्हणून खाटेचे खूर रुंद तोंडाच्या कांचेच्या भांड्यांत ठेवण्याची युक्ति अगदींच टाकाऊ नाहीं. निजण्यापूर्वीं उशी, चादर आणि रजई झटकून पाहावी. पथारी दिवसभर पसरून ठेवूं नये. गुंडाळून वर ठेवावी आणि निजतेवेळींच उलगडावी.

चौथा प्रश्न पायांचा. जे दंश होतात त्यांपैकीं पुष्कळ हातापायांवरच होतात, आणि त्याचें कारण उघड आहे. रात्रीं तंबूबाहेर एक पाऊल टाकावयाचें असलें तरी बूट घातल्यावांचून टाकूं नये; चपलेंत बोटें उघडीं राहतात. हे बूट रात्रीं तंबूबाहेर काढून ठेवण्याची आपली घरगुती संवय येथें घातक ठरते. बुटाचा आंतला भाग अंधारा, अरुंद आणि किंचित दमट. विंचवासाठीं ह्याहून चांगलें बीळ मुद्दाम बांधूनहि सांपडावयाचें नाहीं. बूट आंत घ्यावे, त्यांच्या तोंडांत मोजे कोंबून ठेवावे, आणि सकाळीं ते उलटे करून जमिनीवर आपटल्याखेरीज पाय घालूं नये. टोपी, कोट, हातमोजे, पिशव्या, सर्वांस हाच नियम. वाळत घातलेले कपडे झुडपावर रात्रभर ठेवूं नयेत.

शेकोटीवांचून वाळवंटांतली रात्र अपुरी वाटते, आणि धोका असतो तो शेकोटीपेक्षां सरपणांत. वाळलेल्या सालीखालीं आणि ओंडक्याखालीं विंचू दडून बसतात. लांकडें उजेड असतांनाच, जाड हातमोजे घालून आणावीं, एकेक आपटून घ्यावीं, आणि तंबूपासून दूर रचावीं. काळोखांत ढिगांत हात घालून लांकूड ओढण्याचें काम कोणींहि करूं नये, मुलांनीं तर नाहींच. दिव्याविषयींहि एक सूचना. दिव्याभोंवतीं किडे जमतात आणि किड्यांमागें त्यांचा शिकारी येणें स्वाभाविक आहे; म्हणून झगझगीत दिवा तंबूच्या दाराशीं न टांगतां थोडा दूर ठेवावा. अन्नाचे कण आणि उष्टें-खरकटें ह्यांनाहि हाच न्याय.

ह्या सर्वांवर शास्त्रानें एक नामी साधन आपल्या हातीं दिलें आहे. १९५४ सालीं असें नोंदलें गेलें कीं, नीलातीत किरण पडले असतां विंचवाचें अंग हिरवट-निळ्या तेजानें चमकूं लागतें. त्याच्या कवचाच्या बाहेरच्या थरांत कांहीं द्रव्यें असतात, त्यांचा हा गुण. मद्यार्कांत घालून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांतहि तो टिकून राहतो. ह्या किरणांची हातबॅटरी आतां बाजारांत सहज मिळते. अंधारांत ती जमिनीवरून फिरविली म्हणजे जो विंचू साध्या प्रकाशांत वाळूच्या रंगांत मिसळून जातो तो कांहीं पावलांवरून चमकून उठतो. निजण्यापूर्वीं तंबूच्या आंत, खाटेखालीं आणि शौचाच्या वाटेवर ह्या बॅटरीनें एक फेरी मारावी. मुलांना ह्याची भीति वाटण्याऐवजीं मौज वाटते. दोन मर्यादा मात्र लक्षांत ठेवाव्या. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाहीं. आणि दगडाखालचा विंचू कोणत्याच बॅटरीला दिसत नाहीं. शिवाय हा प्रकाश कोणाच्याहि डोळ्यांवर पाडूं नये.

इतकें करूनहि दंश झाला तर? ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं मंत्र-तंत्राचा विचार करणें भाग आहे, कारण संकटाच्या वेळीं पहिला सल्ला बहुधा तोच मिळतो. एकनाथ महाराजांचें विंचवावरील भारूड आपण सर्वांनीं ऐकलें आहे. त्यांतला विंचू हा कामक्रोधाचें रूपक आहे आणि त्यावरचा उताराहि पारमार्थिक आहे. पण खऱ्या विंचवाचें विषहि मंत्रानें उतरतें असें शपथेवर सांगणारे लोक भेटतात, आणि ते खोटें बोलतात असेंहि नव्हे. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें बारा लक्ष लोकांना विंचू चावतो आणि त्यांपैकीं तीन हजारांहून कांहीं अधिक मरतात. म्हणजे हजारीं सुमारें नऊशें सत्त्याण्णव वांचतात. वेदना कांहीं तासांनीं आपोआप ओसरते. तोंवर मंत्र म्हटला, पाला चोळला किंवा कांहींच केलें नाहीं, तरी फळ तेंच. श्रेय मात्र जवळ बसलेल्या मांत्रिकाला जातें. खरा प्रश्न त्या उरलेल्या तिघांचा आहे. त्यांच्या बाबतींत मंत्रांत गेलेला एक तास हा त्यांच्या आयुष्याचा तास असतो, आणि तिघांत बहुधा एखादें मूल असतें.

त्या तिघांच्या शरीरांत काय घडतें? आपल्या मज्जातंतूंच्या आवरणांत सोडियमचे कण आंत घेणारीं सूक्ष्म दारें असतात. तीं क्षणभर उघडतात आणि मिटतात, म्हणून तंतूंतून संदेश वाहतो. लाल विंचवाचें विष हीं दारें नीट मिटूं देत नाहीं. परिणामीं सर्व संदेशवहन एकदम बेफाम होतें. प्रथम ओकाऱ्या, दरदरून घाम आणि तोंडाला पाणी सुटणें. मग हातपाय थंडगार, नाडी जलद, रक्ताचा दाब चढलेला. रक्तवाहिन्या आवळल्या गेल्यामुळें हृदयाला भलत्याच जोरानें काम करावें लागतें; तें थकतें, फुप्फुसांत पाणी सांठतें, आणि रोगी धापा टाकूं लागतो. ह्यांत फसवी गोष्ट अशी कीं, ज्याला दंशाच्या जागीं असह्य वेदना होते तो पुष्कळदां तेवढ्यावरच सुटतो, आणि ज्याची वेदना थोडी तो आंतून अधिक आजारी असूं शकतो. म्हणून ओरडणाऱ्याकडे लक्ष द्यावें, पण गप्प बसलेल्या, घामानें भिजलेल्या मुलाकडे अधिक द्यावें.

ह्या संकटावरचा तोडगा आपल्याच प्रांतांत शोधला गेला, हें महाराष्ट्राला भूषणावह आहे. कोंकणांतील महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत १९७६ सालीं रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनीं विंचूदंशाचे रोगी रात्र-रात्र जागून न्याहाळले. त्या काळीं गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा तीसच्या आसपास दगावत. रोगी विषानें एकदम मरत नाहीं, हृदय निकामी होऊन मरतो, हें त्यांनीं ओळखलें आणि १९८२ सालीं लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत मांडलें. रक्तदाबावर वापरलें जाणारें प्राझोसिन नांवाचें साधें, स्वस्त औषध आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करतें, तें ह्या रोग्यांस लागू पडेल असा तर्क करून त्यांनीं तें वापरलें आणि त्याचे निष्कर्ष १९८६ सालीं प्रसिद्ध केले. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा चारांच्याहि खालीं उतरलें. विंचवाच्या विषावर लस टोंचलेल्या प्राण्याच्या रक्तापासून प्रतिविष काढण्याची कल्पना तशी जुनी. इजिप्तमध्यें चार्ल्स टॉड ह्यांनीं तें १९०९ सालींच तयार केलें होतें. आपल्याकडे लाल विंचवावरील प्रतिविष पुढें निघालें, आणि महाड येथेंच सत्तर रोग्यांवर केलेल्या तुलनेंत, २०११ सालीं प्रसिद्ध झाल्याप्रमाणें, असें दिसलें कीं प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेल्या पस्तिसांपैकीं बत्तीस जण दहा तासांत बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर तेवढ्या वेळांत पस्तिसांपैकीं आठ. डॉ. बावस्करांना २०२२ सालीं पद्मश्री देऊन गौरविण्यांत आलें. त्यांच्या ह्या कामाचा मथितार्थ आपल्यासाठीं एका वाक्यांत सांगतां येईल: उपाय आहे, पण तो वेळेवर पोंचणाऱ्यासाठीं आहे.

तेव्हां दंश झाल्यावर करावयाचें तें असें. रोग्यास धीर द्यावा आणि स्वस्थ निजवावें. त्या अवयवावरील अंगठ्या, बांगड्या, घड्याळ लगेच काढावें. जागा साबणपाण्यानें धुवावी आणि तीवर थंड पाण्याची घडी किंवा फडक्यांत गुंडाळलेला बर्फ ठेवावा. तो हात वा पाय हलूं देऊं नये. आणि गाडी काढावी. जैसलमेरहून समपर्यंतचा रस्ता चांगला आहे, पण तंबू टेकड्यांच्या मागें असेल तर रस्त्यापर्यंत पोंचण्यासच वेळ जातो. मोठ्या माणसाला नुसती वेदना असेल तरी डॉक्टरांस दाखवावें. मूल असेल तर लक्षणांची वाट पाहूं नये, आणि वेदना थांबली म्हणून अर्ध्या वाटेवरून परतूं नये. एक रात्र तरी तें डॉक्टरांच्या नजरेखालीं असावें.

न करावयाचें तेंहि तितकेंच महत्त्वाचें. दंशाच्या वर दोरी आवळूं नये, जागा कापूं नये, तोंडानें विष चोखूं नये, डाग देऊं नये, दारू पाजूं नये. प्राझोसिनच्या गोळ्या खिशांत टाकून आपल्याच अकलेनें त्या देणें हेंहि तितकेंच चुकीचें. तें औषध केव्हां व किती द्यावें हें लक्षणांवरून ठरतें, आणि त्यानें रक्तदाब एकाएकीं उतरूं शकतो. तें डॉक्टरांच्या हातींच शोभतें. विंचू पकडण्याच्या नादांत दुसऱ्यानें दंश करून घेऊं नये. दुरून छायाचित्र मिळालें तर पुरे.

काय चावलें हें कळलेंच नाहीं तर मात्र सापच समजून चालावें. थरमध्यें फुरसें आहे, आणि तेथील लोक ज्याला पीवणा म्हणतात तो मण्यारीच्या जातीचा सापहि आहे. हा झोपलेल्या माणसाचा श्वास पिऊन टाकतो अशी तिकडे समजूत आहे; तिच्या मुळाशीं खरी गोष्ट ही कीं, त्याचा दंश इतका कमी दुखतो कीं निजलेला मनुष्य पुष्कळदां जागाहि होत नाहीं, आणि नंतर त्याचा श्वासोच्छ्वास बंद पडूं लागतो. येथेंहि उपाय एकच, रुग्णालय.

म्हणून निघण्यापूर्वींच चार गोष्टी कागदावर टिपून ठेवाव्या: मुक्कामापासून सर्वांत जवळचें रुग्णालय कोणतें, तेथें विंचूदंशावर आणि सर्पदंशावर उपचार होतात काय, रात्रीं गाडी आणि ती हांकणारा मनुष्य हाताशीं आहे काय, आणि तंबूच्या जागेवरून दूरध्वनि लागतो काय. रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक राजस्थानांत चालतो, पण ती टेकडीमागें येणार नाहीं, तुम्हांला रस्त्यावर यावें लागेल. तंबू भाड्यानें देणाऱ्यास हे प्रश्न आगाऊ रक्कम देण्यापूर्वीं विचारावे. जो ह्या प्रश्नांवर हंसतो त्याच्याकडे मुलेंबाळें घेऊन उतरूं नये. आणि जो उत्तरादाखल नीट पत्ता, गाडी आणि माणूस दाखवितो, त्याच्या तंबूंत खुशाल निजावें. वाळवंटांतलें आकाश पाहण्यासारखें असतें. बूट झटकून घातले म्हणजे तें निर्धास्तपणें पाहतां येतें.